छातीच्या फोटोतला गोळा आणि फिरता मेसेज

कोकणातल्या गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "छातीच्या फोटोत गोळा दिसला की तो टीबी, नाहीतर कॅन्सर. सुई टोचू देऊ नका, गाठ पसरते. टीबीच्या गोळ्या सुरू करा." यातला एकही सल्ला पाळण्यासारखा नाही.

"टीबी, नाहीतर कॅन्सर." हॅमार्टोमा ही फुफ्फुसात सर्वाधिक आढळणारी साधी (कॅन्सर नसलेली) गाठ, कूर्चा आणि चरबीची. सीटी स्कॅनमध्ये तिच्यात चरबी किंवा लाह्यांसारखे फुटलेले कॅल्शियमचे ठिपके दिसले, तर निदान जवळपास पक्कं. स्कॅनच्या जाड कापांत चरबी निसटते, म्हणून १ ते २ मिमीचे काप हवेत. त्याहून स्वस्त पुरावा घरातच असतो, तो म्हणजे छातीचा जुना फोटो (एक्स-रे). २ वर्षांत तसूभरही न वाढलेली भरीव गाठ बहुधा साधीच निघते. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, बुरशी धरते. फोटो हातात आला की खिडकीच्या उजेडात धरून, नाव-तारीख दिसेल असा मोबाइलवर टिपून ठेवा.

"टीबीच्या गोळ्या." आधी बेडका तपासा. बेडक्यातले टीबीचे जंतू ओळखणारं ट्रूनॅट यंत्र शेजारच्या गोव्यातल्याच कंपनीचं, आणि सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. टीबी नसताना ६ महिने गोळ्या घेतल्या तर गाठ तिथेच राहते, यकृताला मात्र इजा होऊ शकते. श्वासनळीतली गाठ तर दमा म्हणून वर्षानुवर्षं पंपावर काढली जाते. श्वास घेताना छातीत शिट्टी एकाच बाजूला वाजत असेल तर सीटी कराच.

"सुईने पसरते." तपासणीसाठी सुईने गाठीचा नमुना घेतल्यावर असं फार क्वचित घडतं. खरा धोका फुफ्फुसाभोवती हवा साचण्याचा, म्हणूनच सुईनंतर काही तासांनी पुन्हा फोटो काढतात. हायडॅटिडची (एका जंतामुळे होणारी) पाण्याची गाठ मात्र अपवाद आहे. ती फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, म्हणून सीटी आधी, सुई नंतर.

आणि "साधी" म्हटलं म्हणून सोडूनही देऊ नका. फुफ्फुसाच्या आवरणावरचा सॉलिटरी फायब्रस ट्यूमर बहुतेकदा साधा असतो, पण मोठा झालेला क्वचित इन्सुलिनसारखं द्रव्य सोडतो आणि रक्तातली साखर घसरते. मधुमेह नसलेला माणूस पहाटे घामाघूम होऊन बरळू लागतो आणि घरचे बाधा समजतात. अशा वेळी ग्लुकोमीटर लावा. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल तर साखरपाणी पाजा, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. तिथे छातीचा फोटो मागा. गाठ काढली की साखर सावरते, मात्र गाठ काही वर्षांनंतरही परत येऊ शकते, त्यामुळे सीटीची फेरतपासणी पुढे चालूच ठेवावी लागते.