बीई 6 पुरातून निघते म्हणे!

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आलाय. म्हणणं असं: महिंद्राची बीई 6 ‘जन्मजात इलेक्ट्रिक’, म्हणजे पहिल्यापासून इलेक्ट्रिकच म्हणून बनवलेली, आणि बॅटरी सीलबंद, म्हणून पुरातूनही बिनधास्त निघते. ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आणि टाटाची कर्व्ह ईव्ही म्हणजे पेट्रोल गाडीत कोंबलेली बॅटरी, पाण्यात शॉक देणार. एरवी मी डिलीट करून मोकळा झालो असतो. पण बडोद्यात समा भागात राहणाऱ्या आतेभावाने खाली लिहिलं, “मग हीच बुक करतो.”

दादा, ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली होती. तसल्या पाण्यात गाडी घालायचा सल्ला कोणी देत असेल, तर तो माणूस बडोद्याचा नाही.

सीलबंद म्हणजे काय, ते आयईसी 60529 या आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेलं आहे. त्यातल्या आयपी67 या दर्जामधला 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं बुडवून ठेवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जाऊ नये. पाणी साठलेलं, वाहतं नव्हे. आणि परीक्षा बॅटरी पॅकची, अख्ख्या गाडीची नाही. पॅक कोरडा राहीलही, पण त्याला मोटरशी जोडणारे मोठे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, साध्या 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती छोटी बॅटरी किंवा तिचं वायरिंग भिजून बंद पडलं की गाडी जागच्या जागी उभी, आणि काचाही खाली येत नाहीत. त्याआधीच गाडी तरंगून चाकांची पकड सुटली, तर प्रवाह नेईल तिकडे जायचं.

एक गोष्ट खरी. इंजिनच नाही, त्यामुळे हवेच्या वाटेने पाणी ओढून इंजिन जाम होत नाही. पण ते तिन्ही गाड्यांना लागू आहे. शॉकचंही तेच: तिन्हींत हाय व्होल्टेजची एकही तार बॉडीला जोडलेली नसते, आणि इन्सुलेशनवर गाडी स्वतः लक्ष ठेवते.

‘पाणी ओसरलं की चार्जर लावून बघा, दिवा लागला तर गाडी ठीक’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला काय म्हणावं! भिजलेल्या बॅटरीत काही दिवसांनीही आग लागू शकते. चार्जरला हात लावायचा नाही, गाडी घरापासून लांब उघड्यावर ठेवायची आणि टो करून सर्व्हिस सेंटरला न्यायची.

‘पुढची चाकं ओढतात ती कन्व्हर्जन’, म्हणजे पेट्रोल गाडीची ईव्ही केलेली, हा शोधही भारी. एमजीची विंडसर पेट्रोलमध्ये मिळतच नाही, आपल्या शेजारी हालोलला बनते, आणि तिचीही पुढचीच चाकं फिरतात. कर्व्हची तर ईव्ही आधी बाजारात आली, पेट्रोल-डिझेल नंतर.

बरं, फक्त ईव्हीसाठी बनवलेल्या वेगळ्या प्लॅटफॉर्मचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, फायदा आहे, नाही कशाला म्हणू? बीई 6 क्रेटापेक्षा जेमतेम 31 मिमी लांब, पण व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, 2775 मिमी, क्रेटाचा 2610. एवढं असूनही मागच्या छोट्या काचांमुळे आत कोंदट वाटतं. काकूंना मागे बसवून बघ, मग ठरव.

उतरत्या छपरामुळे रेंज वाढते, हे हायवेवर थोडंफार पटेल. दांडिया बाजारच्या गर्दीत हवेचा विरोध कसला? तिथे रेंज ठरते ती वजन, एसी आणि बॅटरीच्या आकारावर.

राहिलं ‘शंभर टक्के स्वदेशी बॅटरी’. बीई 6 चे सेल बीवायडीचे आहेत, चिनी कंपनीचे.