ग्रुप उघडत नाही? कारण विचारू नका

एखाद्या सकाळी तुमचा रोजचा चर्चागट उघडेनासा होतो. क्रिकेट चालतंय, लग्नाचे व्हिडिओ चालतात, तो एक गट तेवढा नुसता गरगर फिरतोय. अशा वेळी बेळगावकर माणसानं कसं वागावं, ते सांगतो.

केबलवाल्या पोराला फोन करू नका. तो खांबावर असतो. केलाच तर म्हणेल, "वरनंच बंद केल्यात काका, मला काय विचारूलासा?" हे 'वर' म्हणजे बेंगळूर, दिल्ली की खांबाचं टोक, याचा खुलासा मागू नये. ऑनलाइन तक्रारही नको. मी एकदा भरायला गेलो, पत्त्यात 'बेळगाव' लिहिलं, तर असं गावच नाही म्हणाले. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारदरबारी ते बेळगावी आहे हे मला ठाऊक होतं, पण हाताची सवय.

मनातल्या मनात कारण शोधायला मात्र पैसे पडत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्यात 69अ नावाचं कलम आहे. देशाची सार्वभौमता, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन सरकार हुकूम काढतं आणि नेट पुरवणाऱ्यानं तो पाळायचा. नाही पाळला तर 7 वर्षांपर्यंत कैद, वर दंड. उलट जरुरीपेक्षा जास्त बंद केलं म्हणून कोणी आत गेल्याचं ऐकलंय? त्याच्या जागी तुम्ही असता तर सुई शोधत बसला असता का? कुऱ्हाडच घेतली असती.

सप्टेंबर 2003 मध्ये तेच झालं. मेघालयातल्या एका बंडखोर संघटनेशी जोडलेला याहू ग्रुप्स या चर्चागटांच्या सेवेवरचा एक लहानसा गट बंद करा, असा आदेश निघाला. एकच गट वेगळा काढण्याची सोय पुरवठादारांकडे नव्हती. मग त्यांनी अख्खे याहू ग्रुप्सच बंद केले! गणपत गल्लीतल्या एकानं वजनात मारलं म्हणून पार खडेबाजारापर्यंत कुलूप. मेघालयाचं नावही कधी न काढलेल्या हजारो लोकांच्या गप्पा त्यात गेल्या. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं तर गंजीच पेटवली.

आणि हा काही आपलाच गावंढळपणा नाही, मनाला लावून घेऊ नका. 2008 मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांच्या कार्यालयाला यूझनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर 88 गटांत लहान मुलांच्या लैंगिक छळाची चित्रं सापडली. त्या 88 साठी कोणी रडू नये. पण तिथल्या नेट पुरवठादारांपैकी टाइम वॉर्नर केबलनं सगळंच यूझनेट काढून टाकलं आणि व्हेरायझननं त्यातली 'ऑल्ट' नावाची अख्खी फांदी तोडली. यातली मेख अशी, की यूझनेट द्यायचं म्हणजे पुरवठादारानं सगळ्या मजकुराची प्रत आपल्याच यंत्रावर ठेवायची. लोक त्यात सिनेमे नि सॉफ्टवेअर कोंबत होते. डिस्क भरतेय, खर्च चाललाय, वापरणारे मूठभर. नेमकं तेव्हाच पुण्यकर्माचं निमित्त दारात आलं. पुण्याचं पुण्य, वर डिस्क रिकामी. असा योग सोडणारा व्यापारी मला शहापुरात तरी भेटलेला नाही.

तुमचा गट नक्की कशापायी गेला, हे विचारायचा मोह आवरा. तक्रार कोणाची आणि कारवाई काय, हे गुप्त ठेवायचं, असा या बंदीसाठीच्या 2009 च्या नियमांतला 16 वा नियमच आहे. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच कायद्यातलं, नेटवर आक्षेपार्ह लिहिणाऱ्याला आत टाकणारं 66अ कलम रद्द केलं, 69अ मात्र कायम ठेवलं. खरं तर आपल्याला हे जड जाऊ नये. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून त्याच कोर्टात आहे. तुमचा ग्रुप बंद पडून जेमतेम आठवडा झाला. एवढ्यात काय घाई?

दरम्यान कुंदा खा. पावसाळ्याची वाट बघा. तेव्हा खानापूरकडे कुठंतरी झाड आडवं होतं, वायर तुटते आणि बंदी असलेलं नसलेलं सगळंच एका फटक्यात बंद पडतं. तो केबलवाला पोरगा भिजत दुचाकीवरून येतो आणि न विचारता दारातूनच ओरडतो, "झाड पडलंय काका, संध्याकाळपर्यंत होतंय बघा!"