'टिकवा' उपक्रमाचा उल्लेख हवा होता

अमेरिकेतल्या ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांवरचा लेख आवडला, पण 'सुट्टीतलं धर्मशिक्षण' एवढंच त्यांचं वर्णन पटलं नाही. १९४७ साली विस्कॉन्सिनमधल्या कॉनोव्हर इथे 'रामा' या ज्यू शिबिरांच्या मालिकेतलं पहिलं शिबिर भरलं. हिब्रू भाषा पुस्तकातून बाहेर येऊन जेवताना, खेळताना, तळ्यात पोहताना मुलांच्या तोंडी यावी, ही त्यामागची धडपड होती. शुक्रवारी संध्याकाळी पांढरे कपडे घालून सगळ्यांनी शब्बातची, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची, गाणी म्हणणं, हे वर्गातल्या बाकावर बसून कसं शिकवणार?

आणि टिकवा राहूनच गेलं! १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन स्पे इथल्या रामा शिबिरात हर्ब आणि बार्बरा ग्रीनबर्ग या शिक्षक दांपत्याने विशेष मुलांसाठी हा उपक्रम सुरू केला. इतर पालक आपली मुलं काढून घेतील, या भीतीने आधी बराच विरोध झाला होता. ही मुलं वेगळ्या जागी नाही, त्याच शिबिरात राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे रामाच्या इतर शिबिरांनीही ते स्वीकारलं.

शिबिरांची फी फार आहे, या लेखकाच्या मताशी मात्र पूर्ण सहमत. काही आठवड्यांचे हजारो डॉलर मध्यमवर्गीय घरांनाही शिष्यवृत्तीशिवाय जड जातात.