रेडिएटर थंड? बॉयलरचा दाब वाढवू नका

न्यू जर्सी, बॉस्टनकडच्या जुन्या घरांत राहणाऱ्या आपल्या मंडळींत थंडी सुरू झाली की एक सल्ला फिरतो: टोकाच्या खोलीतला रेडिएटर (बॉयलरच्या वाफेने खोली तापवणारा लोखंडी संच) तापत नसेल तर बॉयलरचा दाब वाढवा. हे चूक आहे, आणि यात गॅसचं बिलही वाढतं.

एकाच पाइपच्या वाफेच्या यंत्रणेत त्याच पाइपमधून वाफ वर जाते आणि ती निवून झालेलं पाणी खाली येतं. वाफ यायची तर आतली हवा आधी बाहेर पडायला हवी. ते काम रेडिएटरच्या बाजूच्या छोट्या एअर व्हेंटचं, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपेचं. वाफ पोचली की तो मिटतो, थंड झाला की उघडतो. दाब जास्त राहिला तर बरेच व्हेंट मिटले की परत उघडतच नाहीत, म्हणजे हवा आतच अडकते. घराला साधारण २ पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आतला दाब पुरतो.

आधी तळघरातल्या मुख्य पाइपच्या टोकाचा मोठा व्हेंट बघा. तो बंद पडला असेल तर वरचे कितीही बदला, उपयोग नाही. मग लांबच्या रेडिएटरला हवा जलद सोडणारा, जवळच्याला संथ सोडणारा व्हेंट लावा. शंका असेल तर बॉयलर बंद करून, सगळं निवल्यावर व्हेंट काढा आणि फुंकून पाहा. हवा जात नसेल तर नवा घ्या.

व्हेंटमधून पाणी उडत असेल, तर रेडिएटरचा उतार वाफ आत येते त्या इनलेट व्हॉल्व्हकडे आहे का ते लेव्हलने (उतार दाखवणाऱ्या पट्टीने) तपासा. तो व्हॉल्व्ह अर्धवट उघडा कधीच ठेवू नका.