पावती न मिळालेली वही

गेल्या महिन्यात आमच्या चाळीच्या ग्रुपवर मी एका भिंतीचा फोटो टाकला आणि दोन दिवस भांडण पेटलं. भिंत रेडिंगच्या तुरुंगाची. लंडनच्या पश्चिमेला असलेल्या या गावात मी चौदा वर्षं राहतोय. २०१३ साली बंद झालेल्या या तुरुंगाच्या लाल विटांवर मार्च २०२१ मध्ये बँक्सी या नाव लपवून भिंती रंगवणाऱ्या चित्रकारानं रातोरात एक चित्र काढलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातला एक कैदी चादरींना गाठी मारून केलेल्या दोरावरून उतरतोय आणि दोराच्या खालच्या टोकाला टाइपरायटर लटकतोय. फोटोखाली मी एवढंच लिहिलं होतं, ‘ऑस्कर वाइल्ड इथेच होता.’ वाइल्ड म्हणजे एकोणिसाव्या शतकातला गाजलेला लेखक, या तुरुंगात कैदी होता.

पहिल्या मजल्यावरचे काका, बेस्टमधून रिटायर झालेले, पाच मिनिटांत हजर. “टाइपरायटर कशाला? घण द्या हातात, खडी फोडू दे.” मग एका वहिनींनी लिहिलं, “ज्यांच्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांना विचार जरा, कैद्याच्या आत्मचरित्राचं काय करायचं ते.” आणि शेवटी आमच्याच वयाचा एक मित्र: “तू तिकडे बसून बोल. तुला काय जातंय?” परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हे वाक्य वर्षातून दोनदा तरी ऐकावंच लागतं. त्याचं उत्तर माझ्याकडे कधीच नसतं. या वेळी मात्र थोडं होतं, आणि ते मुंबईचंच होतं.

आमची चाळ चिंचपोकळीची. गच्चीवरून आर्थर रोडच्या तुरुंगाची भिंत दिसायची. पतंग काटला की ‘गेला आत’ म्हणायचो आणि ते खरंच असायचं. सात रस्त्याकडून येणाऱ्या त्या रस्त्याचं सरकारी नाव साने गुरुजी मार्ग आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पाटी होती, वाचत कोण होतं! गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच टिपून घेतली होती. म्हणजे मराठी घराघरांतल्या कपाटात जी दोन पुस्तकं हमखास सापडतात, ती दोन्ही तुरुंगाच्या कागदावर उतरलेली. त्या कागदांवर झडतीत कुणी हात टाकला असता तर? काकांच्या देवघरात विनोबांची प्रत आहे, मी स्वतः पाहिली आहे. ग्रुपवर तसं लिहिलं तर म्हणाले, “ते वेगळे होते.”

बरं, वेगळे होते. मग जे वेगळे नव्हते त्यांचं बोलू.

१९६२ च्या चीन युद्धानंतर देशात आणीबाणी होती आणि भारत संरक्षण नियमांखाली बरेच जण स्थानबद्ध होते. मुंबई जिल्हा कारागृहात प्रभाकर संझगिरी नावाचे कम्युनिस्ट कार्यकर्ते होते. त्यांनी आत बसून मराठीत पुस्तक लिहिलं, ‘अणूच्या अंतरंगात’. विषय पदार्थविज्ञान. लिहायला सरकारचीच परवानगी होती. लिहून झाल्यावर हस्तलिखित छपाईसाठी बायकोकडे पाठवू द्या, एवढंच त्यांनी मागितलं. सरकारनं नाही म्हटलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथे सरकार हरलं, म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिथेही हरलं.

सरकारचा युक्तिवाद मोठा ओळखीचा आहे. स्थानबद्धांना ज्या सवलती द्यायच्या त्या आदेशात लिहिल्या आहेत. पुस्तक बाहेर पाठवणं त्यात कुठे लिहिलेलं नाही, सबब मिळणार नाही. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसानं हे ऐकलेलं असतं. ‘आमच्याकडे तसं काही आलेलं नाही.’ न्यायालयानं ते उलटं फिरवलं. माणूस आत गेला म्हणून त्याच्याकडे शून्य उरत नाही. नियमानं जेवढं काढून घेतलंय तेवढंच गेलं, बाकीचं त्याचंच. आणि अणूच्या पोटात काय असतं हे मराठीत सांगितल्यानं देशाच्या संरक्षणाला बाध येत नाही, हेही.

निकाल भारताचा, खटला मुंबईचा, पुस्तक मराठी. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मलाही तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी गेलो तेव्हा खालच्या मजल्यावरचा पोरगा नुकताच सुटून आला होता. मुंबईजवळच्याच एका तुरुंगात एकोणीस महिने कच्चा कैदी म्हणून होता. मारामारीची केस, शेवटी निर्दोष. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी असेच कच्चे असतात, त्यांचा निकाल लागलेलाच नसतो. आई चहा टाकायला उठली तसा तो खालच्या आवाजात म्हणाला, “दादा, माझी वही गेली.”

दोनशे पानी शाळेची वही, कव्हरवर बदकांचं चित्र. कँटीनमधून घेतलेली. त्यात काय होतं ते तो आठवून आठवून सांगत होता. बरॅकमधल्या कुणाला कितवी तारीख मिळाली. कोण रात्री रडतं, आणि कोण रडणाऱ्याला शिव्या घालून मग त्याच्याच शेजारी जाऊन झोपतं. ‘आज डाळीत डाळ दिसली’ हे एक वाक्य त्याला तोंडपाठ होतं. मुलाकातीला आई आली की काय काय बोलायचं त्याची यादी असायची, कारण काचेपलीकडे तिला बघितलं की सगळं विसरायला व्हायचं. आणि शेवटच्या पानांवर एका मुलीला लिहिलेली पत्रं. टपालात कधीच टाकली नव्हती, कारण साहेब वाचणार.

एका पहाटे झडती झाली. पंख्याच्या पात्याला घासून केलेलं एक हत्यार शोधत होते म्हणे. बिछाने उलटले, पिशव्या ओतल्या, वह्या-कागद एका पोत्यात भरले. याच्यासारख्या आठ-दहा जणांच्या वह्या गेल्या. पावती नाही, पंचनामा नाही, कारण नाही. आठवड्यानं विचारलं तर “कसली वही?” सुटताना कमरेचा पट्टा, घड्याळ, पाकिटातले एकशे चाळीस रुपये सगळं सही घेऊन परत दिलं. पट्ट्याची नोंद होती. वहीची नव्हती.

तुरुंगात झडती नको, असं मी म्हणत नाही. वहीत साक्षीदाराचा पत्ता असू शकतो, बाहेर पाठवायचे निरोप असू शकतात. वाचा, आक्षेपार्ह वाटलं तर काढूनही घ्या. पण घेतलंय असं लिहून द्या. कुणी, कधी, कशासाठी, आणि परत कधी मिळणार. त्या पोराला जामिनासाठी वकील मिळाला, पण वहीसाठी कुठल्या कागदावर भांडणार? नाकारल्याचा हुकूम संझगिरींकडे होता, म्हणून ते कोर्टात जाऊ शकले. ‘कसली वही?’ यावर अपील होत नाही.

आता तिकडे बसून बोलण्याचा मुद्दा. इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. २०१३ च्या शेवटी इथल्या सरकारनं कैद्यांना घरून पार्सलं पाठवण्यावर बंदी आणली, त्यात पुस्तकंही अडकली. डिसेंबर २०१४ मध्ये इथल्या उच्च न्यायालयानं पुस्तकांवरची ती बंदी बेकायदा ठरवली. अमली द्रव्यात भिजवलेले कागद आत जातात म्हणून हल्ली कित्येक तुरुंगांत कैद्याला पत्राची झेरॉक्स देतात. पोरीनं खडूनं रंगवलेला सूर्य बापाच्या हातात करडा होऊन पडतो. आणि वहिनींचा प्रश्न इथे फार वर्षांपूर्वीच विचारून झालाय. डेनिस निल्सन या खुन्यानं तुरुंगात आत्मचरित्र टाइप केलं. ते वकिलामार्फत बाहेर गेलं, दुरुस्तीसाठी परत आत आलं आणि तुरुंगानं ठेवून घेतलं. २००४ मध्ये अपील न्यायालयानं तुरुंगाची बाजू उचलून धरली. ज्यांची मुलं त्यानं मारली त्या घरांचं दुःख न्यायालयानं मोजलं. पुस्तक निघालं ते तो मेल्यावर, २०२१ मध्ये.

आणि आपल्याकडे? ऑटो शंकर. चेन्नईचा, सहा खुनांचा, फाशीची शिक्षा झालेला. त्याचं आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होतं. हे तुरुंगाच्या नियमांविरुद्ध आहे म्हणून तुरुंग महानिरीक्षकांनी दटावलं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अधिकाऱ्यांना आपली बदनामी होईल अशी भीती वाटते एवढ्यावर सरकारला छपाई आधीच रोखता येत नाही. बदनामी झालीच तर नंतर दावा लावा. म्हणजे कागदावर आपण साहेबाच्या देशापेक्षा मोकळे आहोत. हे ग्रुपवर लिहिल्यावर तो ‘तिकडे बसून बोल’वाला मित्र जरा खूश झाला.

वहिनींना मी इथला दुसरा कायदा सांगितला, २००९ चा. गुन्हेगारानं आपल्या गुन्ह्याच्या गोष्टी विकून पैसे केले तर कोर्ट ते पैसे काढून घेऊ शकतं. मला हे पटतं. कमाई घ्या, लिखाण राहू द्या. त्यांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. पटलं की विषय संपवला, कळलं नाही.

कागदावर मोकळे असूनही वही पोत्यात का जाते, याचं उत्तर मला रेडिंगच्याच भिंतीत सापडलं. वाइल्ड नोव्हेंबर १८९५ मध्ये इथे आला तेव्हा तुरुंगाधिकारी कडक होता, लिहायला मिळेना. १८९६ च्या जुलैमध्ये नेल्सन नावाचा नवा अधिकारी आला आणि त्यानं कागद दिले. १८९७ च्या पहिल्या तीन महिन्यांत वाइल्डनं एक लांबलचक पत्र लिहिलं, पुढे ‘डी प्रोफंडिस’ म्हणून गाजलेलं. बाहेर पाठवायची परवानगी नव्हती, पण सुटताना नेल्सननं हस्तलिखित त्याच्या हातात ठेवलं. टिळकांच्या मंडालेच्या वह्यांचं तसं झालं नाही. सुटका १९१४ च्या जूनमध्ये झाली, वह्या सरकारी तपासणीत अडकल्या, मग परत आल्या आणि ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये छापलं गेलं. पण आल्या. त्या वह्या आपल्या ताब्यात आहेत हे इंग्रज नाकारत नव्हता.

आपल्याकडे अजून सगळं साहेब कोण आहे यावर चालतं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निघालेली गोष्ट आठवा. तळोजा तुरुंगात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना वुडहाउस या इंग्रज लेखकाचं विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारलं होतं. न्यायमूर्तींनी ते हास्यास्पद म्हटलं. इथे ऑफिसात मी हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले. मी हसलो नाही. वुडहाउसचं नाव होतं म्हणून कोर्टापर्यंत पोचलं. बदकांच्या कव्हरवाल्या वहीसाठी कोण उभं राहणार?

इंग्लंडमध्येही कैद्यांच्या वस्तू गहाळ होतात, चिक्कार होतात. इथे तुरुंगांसाठी स्वतंत्र लोकपाल आहे आणि त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारींत वर्षानुवर्षं सर्वात मोठा गठ्ठा सामान हरवल्याचाच असतो. मला हेवा वाटतो तो या गठ्ठ्याचा. हरवलं हे तरी मोजलं जातं.

परवा त्या पोराला फोन केला. आता एका केटररकडे हिशेब बघतो. लिहितोस का, विचारलं. म्हणाला, लिहितो, रोज नाही. जुनी वही पुन्हा आठवून लिहायला बसला होता, अकरा पानं झाली, मग पत्रांपाशी अडकला. त्या मुलीचं लग्न झालंय. घरातच आहे, झडती घ्यायला कुणी येत नाही, तरी पान भरलं की पहिल्यांदा मोबाइलवर त्याचा फोटो काढतो आणि आईच्या फोनवर पाठवून ठेवतो. आईला वाचता येत नाही. ती प्रत्येक फोटोखाली हात जोडल्याचं चित्र टाकते.