पाठीला जेट इंजिन बांधून हळू उडायचं? आधी इंधनाचा हिशेब तरी करा

"प्रोपेलरचा जमाना संपला, अडीच किलोचं जेट इंजिन पाठीला बांधा आणि तासभर आरामात, कमी स्पीडने, कमी उंचीवर सेफ उडा." पॅरामोटरबद्दलचा (पॅराग्लायडरच्या छत्रीखाली पाठीला इंजिन आणि पंखा बांधून उडतात ते) हा फॉरवर्ड गेले कित्येक दिवस फिरतोय. इतके दिवस सोडून दिला, पण आता कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेला माझा मावसभाऊ हे वाचून सेकंडहँड टर्बाइन (म्हणजे हेच छोटं जेट इंजिन) शोधायला लागलाय, म्हणून लिहितोय.

वजनाचं म्हणणं खरंय, ते मान्य करावंच लागेल. जेटकॅट पी२०० सारखं मॉडेल विमानाचं इंजिन अडीच किलोच्या आत बसतं, २३ किलो थ्रस्ट (पुढे ढकलणारा जोर) देतं, व्हायब्रेशन जवळपास नाही, हात कापणारा पंखा नाही. पॅराग्लायडरखाली एका माणसाला नुसतं लेव्हल ठेवायला साधारण तेवढाच थ्रस्ट लागतो. टेकऑफ आणि क्लाइंबला बरंच जास्त, ते फॉरवर्डमध्ये नाही.

पण कंपनीच्याच डेटाशीटमधला इंधनाचा आकडा बघा ना! फुल थ्रॉटलला मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास, म्हणजे तासाला ४४ लिटर, वजनात ३५ किलो रॉकेल. साधा टू-स्ट्रोक पॅरामोटर तेवढ्याच वेळात चारेक लिटर पेट्रोल पितो. इंजिन हलकं म्हणून खूश व्हायचं आणि टाकी पाठीवर घेऊन डोंगरउतारावर धावायचं, हे कुणाला जमणार आहे?

आणि हे असं का होतं ते कळलं की इंजिन "अजून सुधारेल" ही आशाही सुटते. हवा मागे ढकलली की आपण पुढे जातो. तीच हवा दुप्पट वेगाने फेकली तर धक्का दुप्पट मिळतो पण एनर्जी चौपट जाते, म्हणून हळू उडायचं असेल तर खूप हवा हळू ढकलायची, आणि मोठा पंखा नेमकं तेच करतो. हे छोटं जेट सेकंदाला अर्धा किलोसुद्धा हवा घेत नाही, पण ती ताशी १८०० किमीच्या वर फेकतं. तुम्ही उडताय ताशी ३८ ने. अशा वेळी त्या झोतातल्या एनर्जीपैकी जेमतेम ४ टक्के तुम्हाला पुढे न्यायला लागते, बाकी सगळी मागे हवेत जाते. पंख्याला हाच आकडा पन्नास-साठच्या घरात येतो.

"मग लोकांनी जेटवर इंग्लिश खाडी कशी पार केली?" स्विस पायलट इव्ह रॉसीने २००८ मध्ये केली, पण विमानातून उडी मारून, कडक पंख लावून, ताशी २०० च्या आसपास, आणि उतरला पॅराशूटने. फ्रँकी झपाटा या फ्रेंच माणसाने जेटवर चालणाऱ्या फळीवर उभं राहून २०१९ मध्ये केली, ३५ किमीला वाटेत बोटीवर उतरून इंधन भरावं लागलं. यातलं तासभर आरामात काय आहे?

सगळ्यात डेंजर म्हणजे "कमी उंची, कमी स्पीड म्हणून सेफ". साफ चुकीचं आहे हे! व्हिन्सेंट रेफे, जगातल्या सगळ्यात अनुभवी जेट-विंग (पाठीला बांधायचे जेटवाले कडक पंख) पायलटांपैकी एक, नोव्हेंबर २०२० मध्ये दुबईत ट्रेनिंग करताना गेला. साधारण २४० मीटरवर हॉवर करताना (हवेत एका जागी थांबताना) कंट्रोल सुटला आणि पॅराशूट वेळेत उघडलं नाही. पुढे वेग नसेल तर पंख काही करत नाहीत, आणि खाली असाल तर सावरायला वेळच नसतो. हे त्याच्यासारख्याला जमलं नाही तर नवशिक्याने काय करायचं?

डिझेलवर चालतं म्हणून स्वस्त, हेही त्या फॉरवर्डमध्ये टाकलंय. दहापट इंधन लागत असताना लिटरमागे काय वाचणार?

शेवटचं, मावसभावासाठी खास. टर्बाइनला आयडलवरून (अगदी हळू चालू असताना) फुल थ्रस्टला यायला तीन-चार सेकंद लागतात, पंख्यासारखं लगेच ओढत नाही. लँडिंगला पंधरा फुटांवर विंग (छत्री) खाली बसायला लागली आणि तू थ्रॉटल दाबलास, तर थ्रस्ट येईपर्यंत तू जमिनीवर असशील.