मार्ट हवं की नको यावर भांडून झालं असेल तर जरा हरकत लिहायला बसा

गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय, मंडईच्या आरक्षणाच्या जागेवर मार्ट येणार. सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते किराणावाले देशोधडीला लागतील, दुसरी म्हणते इतकी वर्षं लुटलं ना, मग आता भोगा. मधे कुणी बोललं की दोन्हीकडून शिव्या. म्हणून इथं सविस्तर लिहितोय, अर्धं वाचून भांडायला येऊ नका.

आधीच सांगतो, मला मार्टचं वावडं नाही. पगार झाला की आमच्याकडची निम्मी माणसं गाडी काढून जिल्ह्याच्या गावाला डी-मार्टात जातातच की, तेलाचे डबे, साखर, वर दोन नको असलेल्या प्लास्टिकच्या बरण्या घेऊन येतात आणि पेट्रोलचा हिशोब कुणी धरत नाही. किराणावाल्यांचं म्हणाल तर आमच्या गल्लीतले अण्णा स्वतः ऑफर लागली की तिथून साबण आणि पावडरी उचलतात, कारण डिस्ट्रिब्युटरच्या रेटपेक्षा ती ऑफर स्वस्त पडते, आणि तोच माल एमआरपीला दुकानात लावतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "मग काय करू, तुमच्या उधारीच्या वह्या बिनव्याजी सांभाळतोय ते कुठनं भरून काढू?" खरंय ते. वीस तारखेनंतर निम्मी गल्ली अण्णांच्या वहीवरच जगते.

आणि हे भांडण काय आजचं नाही. २०१२ ला केंद्राने किराणा क्षेत्रात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला दार उघडलं तेव्हा असाच गदारोळ झाला होता, परदेशी दुकानं येणार आणि वाणी संपणार म्हणून. त्यात दहा लाखाच्या वरच्या शहरांची अट होती, राज्याची मर्जी होती, शेवटी तालुक्याच्या गावात जे आलं ते आपल्याच देशातल्या साखळ्यांचं. डी-मार्ट तर पवईत २००२ पासून आहे. मोठं दुकान म्हणजे परकंच असंही नाही, वारणानगरला वारणा बाजार सहकारातूनच उभा राहिला ना. असो.

मुद्दा जागेचा आहे आणि त्याच्यावर कुणी बोलतच नाहीये. ही जागा डीपीत, म्हणजे गावाच्या विकास आराखड्यात, भाजी मंडईसाठी आरक्षित आहे. ते आरक्षण उठवून जागा वाणिज्य वापराला द्यायची असा प्रस्ताव आहे, एमआरटीपी ॲक्ट १९६६, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली. पेपरात नोटीस येऊन गेली, टेंडरच्या जाहिराती आणि हरवलेल्या दाखल्यांच्या मधे, चष्मा लावून वाचावी लागेल एवढ्या बारीक अक्षरात. एक महिन्यात लेखी हरकती, सूचना द्या असं त्यात आहे. ग्रुपवर त्या नोटिशीचा फोटो टाकला तर खाली सहा जणांनी हात जोडले, एकाने "छान माहिती" लिहिलं, आणि मग परत तेच, वाणी चोर की मार्ट चोर.

अरे पण हा एक महिनाच आपला आहे! जागा एकदा कमर्शियल झाली की पुढची बांधकाम परवानगी मालक, आर्किटेक्ट आणि नगरपरिषद यांच्यात होते, तिथं तुम्हाआम्हाला कोण विचारतंय. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे नुसत्या परवानगीच्या अर्जावरसुद्धा शेजाऱ्यांना पत्र येतं नाहीतर खांबाला नोटीस लागते, २१ दिवस मिळतात. पण "माझं दुकान बसेल" एवढंच लिहून तिथं भागत नाही, ट्रॅफिक, पार्किंग, गोंगाट असलं काही असेल तर बघतात. मला वाटतं आपणही तसंच लिहायला पाहिजे, कारण "वाण्यांना वाचवा" एवढ्यावर आरक्षणाचा निर्णय थांबत नसतो.

मी जाऊन नकाशा बघून आलो. मेन गेट शाळेच्या रस्त्यावर दाखवलंय. तो रस्ता केवढा आहे हे सगळ्यांना माहितीय, एका टोकाला एसटी स्टँड, दुसऱ्या टोकाला मुलींची शाळा, आणि हंगाम सुरू झाला की मधून उसाच्या डबल ट्रॉल्या. मालाचे ट्रक कुठून येणार, कुठं रिकामे होणार, ते त्या नकाशात मला तरी दिसलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या मार्टसमोर बघितलंय मी, भर दुपारी कंटेनर रिव्हर्स घेतोय, क्लीनर रस्त्यात उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतोय आणि दोन्ही बाजूला शाळेच्या रिक्षा अडकून पडल्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या जागेच्या कडेला बसणाऱ्या बायका. आसपासच्या वाड्यांवरून पहिल्या एसटीने येतात, मेथीच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, पाटीत चार डझन गावरान अंडी. मंडई झाली असती तर ओट्यावर बसल्या असत्या, ती झाली नाही म्हणून रस्त्यावर. उद्या मार्टपुढे ट्रॅफिक तुंबलं की पहिलं अतिक्रमण म्हणून कोण उठणार ते सांगायला ज्योतिषी नको. फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा आहे, त्यात पथविक्रेता समिती आहे, तिच्यात ४० टक्के फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी पाहिजेत. आपल्याकडे ती समिती कधी बसली, कुणाला माहिती असेल तर सांगा.

मालकाची बाजू पण आहे, ती नाकारून चालणार नाही. वर्षानुवर्षं जागेवर आरक्षण, ना पैसे मिळाले ना मंडई झाली, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालकाला एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि त्यावर २४ महिन्यांत नगरपरिषद हलली नाही तर आरक्षण आपोआप जातं. म्हणजे आपण नुसतं "नको नको" करत बसलो तर मंडईही गेली आणि मार्टही आलं, असं व्हायला वेळ लागणार नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे, आरक्षण पूर्ण उठवू नका, समावेशक आरक्षण करा. त्यात मालक मंडईचा भाग बांधून नगरपरिषदेच्या ताब्यात देतो आणि उरलेलं स्वतः वापरतो. तळमजल्यावर मंडई, ओटे, बायकांसाठी संडास आणि पाणी, मार्ट त्याच्यावर नाहीतर मागे. गेट बायपासच्या बाजूने, ट्रक आतच रिकामा होणार, शाळा सुटायच्या वेळी ट्रक बंद. खाली मेथी आणि वर तेल मिळालं तर गिऱ्हाईक दोघांनाही येईल, अण्णांचं मात्र काय होईल ते मला सांगता येत नाही.

हे सगळं मी एका पानात लिहिलंय आणि सोमवारी देतोय. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, विषयात कलम ३७ आणि नोटिशीची तारीख, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. सुनावणीला बोलावतात ते लेखी दिलेल्यांना, ग्रुपवर लिहिलेल्यांना नाही. माझंच कॉपी करू नका, एकाच मजकुरावर शंभर सह्या आल्या तर एकच हरकत धरायला मोकळे. ज्यांना मार्ट हवंय त्यांनीही लिहा, पण गेट कुठं पाहिजे तेवढं त्यात टाका. नमुना पाहिजे असेल तर मेसेज करा, आणि कुणाकडे जुन्या डीपीच्या नकाशाची प्रत असेल तर प्लीज पाठवा.